घड्याळाच्या काउंटरवरून: आमची वाटचाल

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारातलं आमचं दुकान रुंदीला जेमतेम आठ फूट. बाबा तिथे घड्याळं दुरुस्त करायचे. चावीची घड्याळं गेली, सेलची आली, आणि सेल बदलायला घड्याळजी लागत नाही. २००४ मध्ये मी त्याच काउंटरच्या अर्ध्या भागात कॉम्प्युटर जोडायला लागलो. उरलेलं अर्धं बाबांचं. मधे दोघांत एकच टेबललॅम्प.

माल आणायला मुंबईला जायचं. रात्रीची बस धरून लॅमिंग्टन रोड गाठायचा, दिवसभर पायपीट करून चार मशिनांचे पार्ट घ्यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. कॅबिनेटं टपावर, मदरबोर्ड मांडीवर. घाटात बस वळली की मी खोका पोटाशी धरायचो.

पहिली गिऱ्हाइकं म्हणजे शेजारचे डीटीपीवाले, नाटकांची आणि जत्रेची हँडबिलं छापणारे. मग उसगाव-धारबांदोड्याकडची खाणवाल्यांची ऑफिसं आली. त्यांच्या ट्रक तोलायच्या काट्यावरचे कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला आले की कॅबिनेट उघडल्यावर आतून लाल माती पडायची. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्या दिसायच्याच नाहीत. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तेव्हाचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर ९० नॅनोमीटरचे (चिपवरची नक्षी किती बारीक त्याचा आकडा, लहान तेवढी बारीक), काम करणारा गाभा, म्हणजे कोअर, एकच, आणि तरी ११५ वॅटपर्यंत जायचे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, वर खनिजाच्या धुळीची गोधडी पांघरून असा प्रोसेसर चालवायचा म्हणजे भट्टीच. फॅनचा आवाज इतका, की काट्यावरचा कारकून ट्रक ड्रायव्हरशी ओरडून बोलायचा.

म्हणूनच २००६ मध्ये इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर आला तेव्हा माझ्या लेखी वेग ही दुय्यम गोष्ट होती. ६५ नॅनोमीटर, दोन कोअर आणि ६५ वॅट. फॅन शांत. प्रोसेसर बनवण्याच्या शास्त्राशी माझी खरी ओळख अशी उष्णतेतून झाली. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला इवलासा स्विच, लहान झाला की तो उघड-बंद व्हायला कमी वीज घेतो, म्हणजे तेवढंच काम कमी तापून होतं. चिपा बनवणाऱ्या तैवानमध्ये काय शोध लागला ते मला वर्तमानपत्राआधी फॅनच्या आवाजावरून कळतं, असं मी गमतीने म्हणतो.

२०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. खाणी बंद झाल्या आणि आमची बरीच उधारी त्या लाल मातीत गाडली गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. फोंड्यात ज्याचं-त्याचं तेच झालं होतं. दुसरी गोष्ट लहान, पण माझ्या लक्षात तीच जास्त राहिलीय.

भाचा नुकताच दुकानात येऊ लागला होता. नवा बोर्ड, नवा २२ नॅनोमीटरचा क्वाड कोअर, आणि पठ्ठ्याच्या हातून प्रोसेसर तो बसतो त्या सॉकेटवर तिरका पडला. त्या सॉकेटमध्ये ११५५ पिना असतात, केसासारख्या, एकाच दिशेला वाकलेल्या. प्रकाश आडवा धरला की वाऱ्यावर झुकलेल्या शेतासारख्या दिसतात. आमच्या शेतात एका कोपऱ्यात चार ताटं आडवी झाली होती. वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. मी शिवणाची सुई घेऊन बसलो, पण हात थरथरत होता. बाबा पलीकडून उठले, डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला आणि म्हणाले, "सरक." घड्याळाच्या बॅलन्स व्हीलचा केसासारखा स्प्रिंग सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. वीस मिनिटांत चारही पिना ओळीत. मशीन चालू झालं.

मग त्यांनी तेच भिंग प्रोसेसरवर धरलं. "ह्यात काय असतं?" मी सांगितलं, ह्यात सुमारे १४० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. आदल्या वर्षीच्या जनगणनेत देश १२१ कोटींचा निघाला होता, तो आकडा त्यांच्या डोक्यात ताजा. "म्हणजे सगळा देश बसवून वर जागा उरली," असं म्हणून त्यांनी भिंग काढून ठेवलं. ते अजून काउंटरच्या खणात आहे. आता भाचाच वापरतो.

आता गिऱ्हाइकं यूट्यूब बघून येतात आणि नॅनोमीटर विचारतात. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं तर आधी तेच. त्यांना मी ५०१ बार साबणाचं उदाहरण देतो. त्या साबणात ५०१ असं काय असतं? एकेकाळी तो आकडा ट्रान्झिस्टरच्या एका भागाची खरी लांबी असायचा. आज ५ काय, ३ काय, ते पिढीचं नाव आहे, चिपमधल्या कुठल्या एका भागाचं माप नव्हे. इंटेलने तर २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित प्रक्रियेचं बारसंच 'इंटेल ७' असं केलं. प्रगती खोटी नाही, आकडा मात्र पाटीवरचा. खरी प्रगती बघायची तर ती चिप छापणाऱ्या सगळ्यात नव्या यंत्रात. नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी ते बनवते. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार ह्या गतीने सोडायचे, प्रत्येकावर लेझर मारायचा, आणि त्यातून निघणाऱ्या १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उठवायची. आधीच्या यंत्रांचा प्रकाश १९३ नॅनोमीटरचा. जाड बोरूने बारीक अक्षर काढायचं, तसं ते काम चाललं होतं.

गुजरातेत धोलेऱ्याच्या टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली, तेव्हापासून "आता आपला प्रोसेसर कधी?" हाही प्रश्न असतो. तिथली सुरुवात २८ नॅनोमीटरने व्हायची आहे. गाडीत, डिस्प्लेत लागणाऱ्या चिपा त्यावर उत्तम होतात. तुमच्या गेमिंग मशीनचा प्रोसेसर अजून बाहेरूनच.

माझी सगळ्यात मोठी फजिती 'एफ'ची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असतो त्याची पडद्यावर चित्र उमटवणारी आतली ग्राफिक्स बंद असते, म्हणून तो थोडा स्वस्त. मानकुरादसारखंच आहे. एकाच झाडाचे आंबे, पण म्हापशाच्या बाजारात डाग असलेल्याचा भाव वेगळा, आणि चव तीच. २०१९ मध्ये मी एका सीएंच्या ऑफिसला अशी पाच मशिनं जोडली आणि ग्राफिक्स कार्ड घालायचंच विसरलो. दुकानात टेस्टिंगला आमचं स्वतःचं कार्ड लावलेलं, ते काढून पोचवलं. तिथे पाचही मॉनिटर काळे. सीए शांत माणूस, एवढंच म्हणाले, "आम्ही टॅली कानाने वापरायची का?" पाचही कार्डं माझ्या खिशातून गेली.

त्यानंतर मी कोटेशनआधी प्रश्न विचारायला लागलो. काम काय, खोलीत एसी आहे का, घरात लाईट किती वेळा जाते. बजेट शेवटी. डिचोलीचा एक लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा सगळ्यात महाग प्रोसेसर हवा म्हणून आला होता. त्याच्या कॅमेऱ्याच्या फाइली १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे दाबून साठवलेल्या व्हिडिओचा एक जड प्रकार. त्या उलगडायला इंटेलच्या ११व्या पिढीपासूनची आतली ग्राफिक्स पुरते, आणि तेव्हाच्या महागड्या कार्डांना ते जमत नव्हतं. त्याला मधला प्रोसेसर दिला, एफ नसलेला, आणि वाचलेले पैसे रॅम (मेमरी) आणि एसएसडीत (वेगवान स्टोरेज) घातले. दुसरा एकजण २०१७ मध्ये एएमडी कंपनीचं पहिल्या पिढीचं रायझन घेऊन गेलेला. २०२२ मध्ये त्याच बोर्डाचं बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून रायझन ५६०० बसवला. १४ नॅनोमीटरवरून ७ वर. तेच सहा कोअर, तेच ६५ वॅट, काम जवळजवळ दीडपट वेगाने. सॉकेट किती वर्षं टिकणार हे बघून बोर्ड घ्या, असं मी सांगतो ते अशा अनुभवावरून.

आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. इथे हात आखडता घेतलेला मला चालत नाही, त्यावरून गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. गोव्यात प्रोसेसर जळून आलेली मशिनं मी वीस वर्षांत बोटांवर मोजण्याएवढी पाहिलीत. जातं ते बाकीचं. मृगाआधी गडगडाट सुरू झाला की फोनच्या तारेतून वीज मोडेममध्ये, तिथून लॅन पोर्टात, आणि बोर्ड खलास. एसएमपीएसमध्ये उबेला मुंग्या घर करतात. पाल शिरली तर तिचंही जातं आणि मशीनचंही. मोरजीच्या किनाऱ्यावरच्या एका स्टुडिओत दोन पावसाळ्यांत कॅबिनेटचे स्क्रू गंजून असे बसले की ड्रिल लावावं लागलं. चवथीला लोक आठवडाभर मशीन बंद करून गावी जातात आणि परतल्यावर 'डिस्प्ले येत नाही' म्हणून फोन करतात. दहातल्या पाच-सहा वेळा रॅम काढून खोडरबराने तिच्या कडेचे कॉन्टॅक्ट पुसले की काम होतं. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

बाबा आता दुकानात येत नाहीत. अख्खं काउंटर आमचं झालं, तरी जागा पुरत नाही. सध्या जुनी मशिनं बदलण्याची गर्दी आहे, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा सपोर्ट संपला. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव रोज वेगळे. कोटेशनखाली मी हाताने लिहितो, 'रॅमचा भाव आजचा.' परवा एका मास्तरांनी ते वाचलं आणि चष्मा वर करून विचारलं, "हे दुकान की मासळी बाजार?" म्हटलं, मास्तर, मासेमारी बंदीतलं विसवण समजा. त्यांनी आठ जीबीच घातली, आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवायला सांगून गेले.