परीक्षकाऐवजी वाचकासाठी

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांचे लेखन तपासताना मला सतत जाणवते, की त्यांचा अभ्यास पुरेसा असतो, पण त्यांच्या लेखनाला वाचकच नसतो. शाळेपासून विद्यापीठापर्यंत त्यांनी जे लिहिले ते परीक्षकासाठी, म्हणजे ज्याला विषय आधीच ठाऊक आहे आणि ज्याला ते वाचणे भागच आहे अशा माणसासाठी. परीक्षकाला काही समजावून सांगावे लागत नाही आणि कंटाळा आला म्हणून तो उठूनही जात नाही. या सवयीत वाढलेली मुले प्रकल्प अहवाल लिहायला बसली, की गाइडमधली भाषा आपोआप कागदावर उतरते.

भूगोलाच्या एका विद्यार्थिनीने आपल्याच गावातील पाण्यावर लिहिलेल्या अहवालाची सुरुवात अशी होती: "सदर गावामध्ये भूजल पातळीत मोठ्या प्रमाणावर घट झाल्याचे निदर्शनास येते." मी तिला विचारले, "तुझ्या घरी हे कसं लक्षात आलं?" ती लगेच म्हणाली, "सर, पूर्वी आमच्या विहिरीला होळीपर्यंत पाणी पुरायचं. आता संक्रांत झाली की तासभर मोटर चालवली तरी विहीर तळाला जाते." अहवालाचे पहिले वाक्य तिने तेथल्या तेथे बोलून दाखवले होते, ते लिहायला परवानगी आहे, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

हे वाक्य आरंभी आल्यावर पुढची मांडणीही बदलली. एकाच विहिरीवरून निष्कर्ष कसा काढायचा, असे वाचक विचारणारच. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, ज्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत घेतल्या जातात, त्या परिशिष्टातून उचलून तिने तेथे आणल्या. त्यानंतर पाणी टिकत का नाही, हा प्रश्न येतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बसाल्ट खडकाचा आहे आणि अशा खडकात पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत साठते, ही माहिती पूर्वी "भूरचना" या प्रकरणात एकटी पडली होती. आता ती नेमकी हवी तेथे आली. माहिती तीच राहिली, फक्त तिचा क्रम वाचकाच्या शंकांनी ठरवला.

वाचकाशी जवळीक साधा, असे सांगितले की काही विद्यार्थी अलंकारिक लिहू लागतात आणि विहिरीचे अश्रू, धरणीमातेची हाक असले काही तरी अवतरते. ते मी निक्षून काढायला लावतो, कारण त्यात वाचकाला काहीच कळत नाही. पारिभाषिक संज्ञांना मात्र माझा विरोध नाही. "जलधर" म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, हे पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात सांगितले, तर तो शब्द पुढे निर्धास्तपणे वापरता येतो.

वर्गात मला सर्वांत उपयोगी पडलेला सराव पत्राचा आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकातून समाजसुधारणेचे कठीण विषय पत्रांतून मांडले. पत्र म्हटले की समोर माणूस येतो आणि लिहिणाऱ्याला त्याचे समाधान करावे लागते. म्हणून अहवालाचा मुख्य मुद्दा आधी गावच्या सरपंचांना, मामाला किंवा धाकट्या भावाला पत्रातून कळवायचा, आणि अहवाल त्यानंतर लिहायचा. मग तो दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याने मोठ्याने वाचायचा. वाचताना तो जेथे अडखळेल किंवा मागे वळून पुन्हा वाचेल, तेथे लेखकाने पेन्सिलीने खूण करायची. मध्ये बोलून खुलासा करायचा नाही. हा नियम मुलांना फार जड जातो, तरी मी तो सैल करत नाही.

अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण या खुणांनंतर केलेल्या पुनर्लेखनाला द्यावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. सध्या पहिला खर्डाच बांधणी करून जमा होतो, आणि तो पुन्हा वाचण्याचे कारण कोणालाच उरत नाही.