केबल कुठी तुटली?

बीएस्सी फर्स्ट इयरला बायनरी सर्च (दरवेळी मधोमध पाहून अर्धा भाग सोडून देत शोधायची पद्धत) शिकवायची म्हटली की पुस्तकात एकच उदाहरण, टेलिफोन डिरेक्टरी. आता दारव्ह्याच्या आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या पोरांनी डिरेक्टरी पाहिली कधी? लँडलाइनच नव्हता कोणाच्या घरी. तरी चार वर्षं मी तेच रेटलं, पोरं माना हलवत आणि पेपरात पाठ केलेलं उतरवत.

यंदा घरी गेली होती तेव्हा तुरीला पाणी द्यायचं होतं, त्या आठवड्यात लाइट दिवसाची, आणि मोटर उचलेचना, नुसती घुंघुं. बाबांनी फ्यूज पाहिले, स्टार्टर पाहिला, मग म्हणे एक फेज मेला, केबल कुठीतरी तुटली. मीटरपासून विहिरीपर्यंत ८०० फूट केबल, धुऱ्याधुऱ्यानं, जागोजागी मातीत दबलेली. मले वाटलं आता दिवसभर उकरणं आलं. पण वायरमन काका आले, आधी विहिरीवरची वायर सोडली (नाहीतर मोटरमधून फिरून तुटल्याच्या पुढेही लाइट दिसते म्हणे) आणि सरळ मधोमध, ४०० फुटांवर जाऊन टेस्टर लावला. लाइट होती. मग ६००, नव्हती. ५००, होती. ५५० नव्हती, ५२५ नव्हती. "इथंच उकर," बाबांना म्हणाले. डवऱ्याचं पातं लागलेलं होतं.

पाच वेळा टेस्टर. मीटरपासून दर २५ फुटांवर पाहत गेलो असतो तर २१ वेळा. आणि केबल दुप्पट, १६०० फूट असती तरी काकांना फक्त एक चक्कर जास्त. मी एमएस्सी करून धुऱ्यावर उभी, अन् हा माणूस दहावी नापास.

दुसऱ्या दिवशी वर्गात हेच सांगितलं. खरी गंमत पुढे आली, हे जमतं काऊन? कारण तुटल्या जागेपर्यंत लाइट आहे आणि तिथून पुढे कुठंच नाही, मधात पुन्हा येत नाही. पुस्तकातलं 'यादी क्रमाने लावलेली हवी' म्हणजे हेच. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी शोधायला ही युक्ती चालत नाही, मधलं झाड चांगलं निघालं तर अळी डावीकडे की उजवीकडे, ते झाड काय सांगणार, तिथं ओळीओळीनं फिरावंच लागते. मागच्या बाकावरून एक जण म्हणे, "मॅडम, दोन जागी तुटली असन तं?" मग मीटरजवळची आधी सापडते, ती जोडली की दुसरी समजते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्यातली चूक) ही अशीच, एक दुरुस्त करा की खालची उभी.

कॉम्प्युटरला सोडवता येईल अशा रीतीनं प्रश्न मांडायच्या या विचाराला म्हणतात कॉम्प्युटेशनल थिंकिंग. हा शब्द सेमूर पॅपर्ट यांनी १९८० मध्ये वापरला, २००६ मध्ये जेनेट विंग यांच्या लेखानं तो गाजला. सिलॅबसमध्ये त्याची व्याख्या आहे पाच मार्कांची, ती पोरांना येते, त्याचं काही नाही.

मग जोशात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) घेतला. रानडुकरांसाठी १०० फूट तार, दर १० फुटांवर खांब, किती खांब? सगळे म्हणे १०. पायथनलाही विचारलं, रेंज(०, १००, १०) लिहून (म्हणजे ० पासून १०० पर्यंत, दहा-दहाच्या उडीनं), त्यानेही दहाच आकडे दिले, ० ते ९०, कारण शेवटचा आकडा तो धरतच नाही, म्हणजे तार शेवटी लोंबकळणार. मी फळ्यावर ११ लिहिलं आणि शंभरच्या जागी १०१ केलं, जरा ऐटीतच.

तर कुंपणाचं काम केलेला एक पोरगा उठला, "मॅडम, पण परसबागेले गोल फिरवून तार लावली तं दहाच लागतात नं." दोन मिनिटं खडू हातातच. बरोबर होतं त्याचं, पहिला आणि शेवटचा खांब एकच.