कार्ड कशाला काढलं?

सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी मला हे विचारून झालंय. ‘मॅडम, तुम्ही तर आमच्याबरोबर फेऱ्या मारता. मग ते अपंगांचं कार्ड कशाला काढलं?’ काहींचा हिशोब याच्याही पुढचा. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच, आता आणि काय पाहिजे? परवा एकीनं तर ‘असं मनानं खचू नये ओ’ म्हणून समजूतही काढली. तर एकदाच सांगते.

तुम्ही मला बघता ती साडेसात-आठला. मला पार्किन्सन आहे, आणि सहाच्या गोळीचा तेव्हा पूर्ण अंमल असतो. साडेनऊनंतर मी कशी असते ते आमच्या सुनेला विचारा. गोळीतल्या लेव्होडोपा या औषधाचं मेंदूत डोपामिन होतं, हालचालीला लागतं ते. ते सरत आलं की पाय फरशीला चिकटतात. जिना चढता येतो, पण सपाट फरशीवर, त्यातून दारात, पाऊल उचलत नाही. खोटं वाटतं ना? मलाही वाटलं असतं. गोळीच्या वेळेला डाळ, पनीर असलं पोटात गेलं तर गोळी नीट काम करत नाही. म्हणून लग्नात मी पंगत टाळते आणि तुम्ही ‘डाएट का?’ म्हणून हसता.

आजार कळला तेव्हा मी तुमच्याच बाजूची होते. सगळी नोकरी बँकेत कॅशवर काढलेली बाई, मला कसलं कार्ड? सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली, ती चेकवर जुळेना, तरी माझं एकच पालुपद: आजार आहे, अपंगत्व नाही. 2016 च्या कायद्यात 21 अपंगत्वांच्या यादीत पार्किन्सन आहे हे मुलानं दाखवलं, तर त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तेव्हाच्या त्या माझ्यातल्या बाईला पटेल असं उत्तर माझ्याकडे आजही नाही. इन्कम टॅक्सची सवलत, रांगेत हक्कानं खुर्ची, ही माझी कारणं. तिला ती क्षुद्र वाटली असती.

कार्डाच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा नंबर लवकर लागला, गोळीचा अंमल अजून होता. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. मी दाखवलं. हात हलवत, मोठी पावलं टाकत, फिजिओथेरपीत शिकवतात तसं. ‘काकू, माझ्यापेक्षा चांगलं चालता की!’ आणि खरं सांगू? मला आनंद झाला. शाळेत शाबासकी मिळावी तितका. सून खाली बघत होती. अर्ज अर्थातच अडकला. बहुतेक सवलतींना चाळीस टक्के अपंगत्व लागतं, आणि मी तर पहिला नंबर काढून आले होते.

बाहेर बाकावरच्या एका माणसानं सांगितलं, ‘गोळी न घेता यायचं ओ.’

दुसऱ्या खेपेला सहाची गोळी घेतली नाही. रिक्षातून उतरतानाच सुनेच्या खांद्यावर भार टाकला होता. बाकावर बसल्या बसल्या मान आखडली, तोंडाला लाळ आली, पर्समधला रुमाल काही केल्या बोटांना धरवेना. नाव पुकारलं. डॉक्टरांच्या दारात पाय थिजले. मागून आवाज, ‘चला की ओ मावशी, आमचाबी नंबर हाय.’ मला सगळं ऐकू येत होतं, चेहऱ्यावर मात्र काही उमटत नव्हतं. सुनेनं माझ्या पावलापुढं आपला पाय आडवा धरला. तो ओलांडायचा म्हटल्यावर माझं पाऊल उचललं. मेंदूला ही युक्ती चालते. डॉक्टर तेच होते. त्यांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत, लिहीत राहिले. आकडा चाळीसच्या वर गेला. परतताना रिक्षातच गोळी घेतली. घरी पोचून थोड्या वेळानं मी उठून चहा टाकला, तर सून रडायला लागली.

मिरजेच्या आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी मागाहून चांगलंच झाडलं. या गोळ्या आपल्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. कबूल. पण मेंदूतली तार बसवायची शस्त्रक्रिया ठरवताना डॉक्टर स्वतःच पेशंटला रात्रभर गोळ्यांविना ठेवून तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. तिथं दोन्ही खरं धरतात. माझ्या कागदावर एकच आकडा मावतो, तर कुठल्या वेळचा लिहायचा? मी नाटक केलं म्हणत असाल तर पहिल्या खेपेला केलं, हात हलवून.

‘मग स्वीकारलंत का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. दहा वाजता हो, साडेदहाला भाजी आणायला निघाले की नाही. भिशी मीच चालवते, गणपतीला पायी जाते, आणि कधीकधी हरभट रोडच्या मधोमध उभी राहते. बरं चाललंय. कीव नको.

आता गल्लीतल्या एका काकांची सून विचारून गेली, तपासणीच्या दिवशी त्यांना गोळी द्यायची का. डॉक्टरांना आधी विचार, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून ने, आणि थिजतात तेव्हाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेव म्हटलं. तेवढ्यानं तिचं भागेना. ‘पण काकू, तुम्ही काय केलंत?’

सांगितलं.

‘म्हणजे द्यायची नाही,’ ती म्हणाली.

मी असं म्हटलेलं नाही.