स्केलेटनची नोंदवही: पाचवा महिना, अखेर बर्फावर

स्केलेटन म्हणजे छोट्या स्लेडवर (घसरगाडीवर) पालथं पडून, डोकं पुढे ठेवून, बर्फाच्या वळणदार ट्रॅकवरून खाली येण्याचा खेळ. मागच्या नोंदीत त्याच्या निवड चाचणीच्या निकालाची वाट बघत होते. निकाल आला आणि मला पुढच्या टप्प्यात घेतलं! त्यानंतर आठवडाभराचा पहिला ट्रॅक कॅम्पही झाला, म्हणून आज जरा जास्त लिहितेय.

आधी चाचणीबद्दल, कारण नवीन आलेले हेच विचारतात. बर्फ न बघता निवड होते कशी? छोट्या अंतराची स्प्रिंट, उभ्या जागेवरून लांब उडी, दोन्ही हातांनी गोळा पुढे फेकणं, इतकंच. स्लेड चालवणं पुढे शिकवता येतं. पायातली स्फोटक ताकद मात्र आधीच असावी लागते. म्हणून या खेळात माणसं बहुतेक दुसऱ्या मैदानावरून येतात. लिझी यार्नोल्ड हेप्टॅथलॉन (धावणं, उड्या, फेक अशा सात प्रकारांची स्पर्धा) करायची. 2008 मध्ये ब्रिटनच्या एका खेळाडू-शोध मोहिमेतून ती स्केलेटनमध्ये आली आणि 2014, 2018 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन गेली. लॉरिन विल्यम्स तर 100 मीटरची धावपटू. 2013 मध्ये बॉबस्लेडला (तशाच बर्फाच्या ट्रॅकवर संघाने बसून जायच्या गाडीला) हात लावला आणि 2014 ला सोचीत रौप्य. वय निघून गेलं असं वाटणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवा.

माझी 30 मीटरची वेळ पाच महिन्यांत 4.38 वरून 4.21 वर आली. गोळाफेक अजून कच्ची आहे.

आता पुश, म्हणजे सुरुवातीला स्लेड ढकलत पळणं. माझे बहुतेक महिने यातच गेले. शंभर मीटरमध्ये आपण सुटलो की हळूहळू उभे होत जातो, ती सवय अंगात मुरलेली असते. स्केलेटनमध्ये उभं व्हायचंच नाही. एक हात स्लेडच्या दांडीवर, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर आणि तशाच वाकलेल्या अंगाने पूर्ण वेगात पळायचं. पहिले दोन आठवडे मांडीच्या मागच्या शिरा रोज ओरडत होत्या. रुळांवरच्या सरावगाडीवर दहाव्या पावलाला माझं डोकं वर यायचं, हे व्हिडिओत स्पष्ट दिसलं.

त्याहून अवघड आहे ते स्लेडवर चढणं. मी वरून झेप घ्यायचे, त्यामुळे स्लेड दचकून बाजूला सरकायची आणि कमावलेला वेग तिथेच जायचा. कोच एकच वाक्य म्हणत राहिले, “उडी मारू नकोस, पसर.” छाती खाली, पुढे, आणि हात मागून सरळ अंगालगत. चाळिसाव्या-पन्नासाव्या प्रयत्नात एकदा काहीच आवाज झाला नाही, फक्त चाकं फिरत राहिली. तेव्हा समजलं की हे असं असतं.

ज्यांच्या जवळपास ट्रॅक नाही, त्यांनी नायजेरियाच्या सेउन अडिगनची गोष्ट वाचावी. तिने स्वतः लाकडी स्लेड बनवून सराव सुरू केला आणि तिचा संघ 2018 च्या ऑलिंपिकला उतरला. आफ्रिकेतून ऑलिंपिकला गेलेला तो पहिला बॉबस्लेड संघ.

कॅम्प. पहिल्या सकाळी स्लेड नाहीच, ट्रॅकवरून पायी चालत खाली जायचं. प्रत्येक वळणाशी थांबून कुठे शिरायचं, कुठे दाब द्यायचा, कुठे सोडायचं ते पाठ करायचं. नवख्यांना वरच्या स्टार्टवरून सोडत नाहीत. खालच्या एका वळणापासून, पळणं नाही, नुसतं पालथं पडायचं आणि कोणीतरी हलकेच ढकलतं.

पहिल्या धावेतलं मला नीट आठवतं ते म्हणजे आवाज. हेल्मेटच्या आत बर्फाची घरघर, दात वाजल्यासारखी. वळणात शिरले तशी मान खाली दबली, हनुवटीचा गार्ड बर्फाला घासला आणि नजरेसमोर फक्त पांढरा पट्टा उरला. मी घाबरून उजवा खांदा जोरात दाबला. रनरच्या (स्लेडखालच्या पोलादी दांड्यांच्या) मागच्या टोकाला बारीक खाचा असतात, त्या दाबाने बर्फात रुततात. स्लेड लगेच वळली, नको तितकी, आणि कोपर भिंतीला लागलं. अजून निळं आहे.

तिसऱ्या दिवसापर्यंत कळलं की मी गरजेपेक्षा जास्त काही करत होते. चौथ्या दिवशी ठरवून खांदे सैल सोडले, पायाची बोटं वर धरली आणि फक्त एका वळणातून बाहेर पडताना गुडघ्याने हलकं दाबलं. ती धाव आठवड्यातली सर्वांत वेगवान ठरली, आणि भिंत एकदाही लागली नाही.

पुढचा कॅम्प सहा आठवड्यांनी. तिथे आताच्यापेक्षा एक टप्पा वरच्या स्टार्टवरून सोडतील, म्हणजे तीन नवी वळणं. रोज रात्री डोळे मिटून, घड्याळ लावून ती मनात उतरतेय. मधल्या वळणात अजून दरवेळी चुकते, तिथून बाहेर पडायची जागा मला अजून डोळ्यांसमोर दिसत नाही.