मोटर फिरते, डिस्क नाही

मोटरचा आवाज येतोय, दिवा लागलाय, डिस्क आत आहे. आणि पडद्यावर 'ड्राइव्ह ए: डिस्क मिसिंग'!

१९८५ चा ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ हा घरगुती संगणक, ३ इंची फ्लॉपी ड्राइव्ह. हा संदेश वाचून लोक सरळ ड्राइव्हच मोडीत काढतात. खरं तर यंत्राला डिस्क 'दिसत' नाही. प्रत्येक फेरीला डिस्कमधल्या छिद्रातून एक इशारा मिळतो, तो आला नाही की डिस्क नाहीच असं ते धरून चालतं.

दोषी बहुतेकदा मोटरवरून डिस्क फिरवणारा आतला रबरी पट्टा. ताणून सैल होतो, नाहीतर वितळून काळा चिकट लगदा होतो. नुसता नवा पट्टा चढवून भागत नाही. मोटरची पुली आणि मोठं चाक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने लख्ख पुसा, नाहीतर नवाही घसरेल. पट्ट्याला बोटांचं तेल लागू देऊ नका. मग वेग तपासा: मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलीसेकंद.

वैतागून पीसीचा साडेतीन इंची ड्राइव्ह लावणार असाल तर थांबा. ॲमस्ट्रॅडच्या वीजजोडणीत ५ आणि १२ व्होल्टच्या जागा पीसीच्या उलट्या आहेत. तशीच खोचली तर ड्राइव्ह जळतो.

असे किती धडधाकट ड्राइव्ह एका पट्ट्यापायी भंगारात गेले असतील?