कुत्र्याला घेऊन तीस तासांची बोट: पोर्ट्समथ ते सांतांदेर

इंग्लंडातल्या पोर्ट्समथहून स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेरला जायचं म्हणजे तीसेक तास बोटीवर. इंग्लंडातले ओळखीचे मराठी लोक मला आधी कागदपत्रांचं विचारतात. ते सांगतेच, पण त्याहून अवघड काम घरी करायचं असतं: जन्मभर फक्त गवतावर शू केलेल्या कुत्र्याला बोटीच्या डेकवर, वाऱ्यात, परक्या लोकांसमोर ती करायला शिकवणं.

आमची राणी लॅब्राडोर, वय सात. 2023च्या उन्हाळ्यात तिला घेऊन उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियासच्या डोंगरात भटकायचं ठरवलं. विमान शक्यच नव्हतं, कारण ब्रिटनमध्ये येताना पाळीव कुत्रा प्रवाशासोबत केबिनमधून आणता येत नाही, कार्गोनेच आणावा लागतो. युरोस्टार, म्हणजे लंडनहून युरोपात जाणारी रेल्वे, फक्त दिव्यांगांचे मदतनीस कुत्रे घेते. राहिला इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा, जिथे गाडीसकट रेल्वेवर चढता येतं, पण मग अख्खा फ्रान्स गाडीने ओलांडायचा. उन्हाळ्यात राणीला गाडीत इतकं बसवायला मन होईना.

आधी बोटीची पेट केबिन, म्हणजे कुत्र्याला सोबत ठेवता येईल अशी खोली, बुक केली. या केबिन मोजक्याच असतात आणि उन्हाळ्याच्या फार आधी भरून जातात. त्यात गालिचा नसतो, पुसता येईल अशी फरशी असते. केबिन नाही मिळाली तर केनेल, म्हणजे बोटीवरचा कुत्र्यांचा पिंजरा. राणीला तिथे एकटं ठेवायचं असतं तर मी ही सहलच केली नसती.

1 जानेवारी 2021पासून ब्रिटनमध्ये काढलेला पेट पासपोर्ट युरोपात चालत नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीला नवं अ‍ॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट लागतं. आधी कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर 21 दिवस थांबायचं. सर्टिफिकेट युरोपात पाऊल ठेवण्याआधीच्या 10 दिवसांत काढायचं आणि ते अधिकृत नेमणूक असलेला व्हेटच (प्राण्यांचा डॉक्टर) देऊ शकतो. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात असा व्हेट नव्हता, म्हणून दुसरीकडे वेळ घेतली. फी प्रत्येक ठिकाणी वेगळी, चार फोन करून विचारा. त्याच व्हेटने स्पेनमधल्या सँडफ्लायपासून बचावाचा पट्टा राणीच्या गळ्यात घालायला सांगितलं, कारण त्या माशीच्या चावण्यातून लीशमनायसिस हा गंभीर आजार होतो. बोट लागू नये म्हणून गोळ्याही दिल्या, पण गुंगीचं औषध देऊ नका, असं बजावून सांगितलं.

आता शूचं. मागच्या अंगणात कृत्रिम गवताचा तुकडा टाकला आणि सकाळची पहिली शू त्यावरच, असा नेम केला. पहिले काही दिवस राणी त्याच्याभोवती फेऱ्या मारून माझ्या तोंडाकडे बघायची. मी घाई केली नाही. पट्टा धरून गप्प उभी राहायचे, ती बसली की हळूच "शू कर" म्हणायचे आणि झालं की लगेच चीजचा तुकडा. ते जमल्यावर तुकडा फरशीवर नेला, मग बाजाराबाहेरच्या वाहनतळावर, जिथे गाड्यांचा आवाज आणि ये-जा असते. तुकडा मुद्दाम पूर्ण धुतला नाही. स्वतःचा वास ओळखीचा असला की कुत्र्याला धीर येतो. मझलची, म्हणजे तोंडावर बांधायच्या जाळीची, सवयही अशीच केली, कारण आमच्या बोटीवर केबिनबाहेर कुत्र्याला मझल आणि पट्टा सक्तीचा होता. त्याच्या जाळीतून पीनट बटर चाटायला मिळायला लागल्यावर राणी स्वतःहून त्यात तोंड घालू लागली.

बंदरावर खिडकीतून चिप वाचायचं यंत्र हातात दिलं जातं. आपणच ते कुत्र्याच्या मानेवरून फिरवायचं आणि आकडा दाखवायचा. रात्री बोट सुटली आणि मी राणीला वरच्या डेकवरच्या कुत्र्यांच्या जागेत नेलं. वारा, इंजिनाची घरघर, डिझेलचा वास, शेजारी एक भुंकणारा टेरियर. तिने काही केलं नाही. मध्यरात्रीही नाही. मी काळजीत होते, पण तिला ती जाणवू दिली नाही. पहाटे डेकवर कोणी नसताना घरून आणलेला तुकडा कोपऱ्यात अंथरला. तिने हुंगला, एक गिरकी घेतली आणि बसली! त्या वेळी मला झालेला आनंद कुत्रा पाळणाऱ्यांनाच कळेल. त्यानंतर बोटीवर अडचण आली नाही.

बिस्केच्या उपसागरात समुद्रतळ एकदम चार हजार मीटरहून खोल जातो. तिथे देवमासे दिसतात म्हणून लोक दुर्बिणी घेऊन उभे होते. मला एकाचा फवारा दिसला. राणी तेव्हा उन्हात झोपली होती.

परतीचा एक नियम नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये शिरण्याआधी कमीत कमी 24 आणि जास्तीत जास्त 120 तास, या मुदतीत व्हेटने फीतकृमीचं (पोटातल्या जंतांचं) औषध देऊन सर्टिफिकेटवर तारीख, वेळ, सही आणि शिक्का टाकायला हवा. हे तास पोर्ट्समथला पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे, सांतांदेरहून सुटण्याच्या वेळेपासून नाही. तीस तास पाण्यावरच जातात, म्हणजे निघण्याआधी चार दिवस घेतलेलं औषध बाद. आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधीची वेळ घेतली आणि वेळेच्या रकान्यात काय लिहिलंय ते दवाखान्यातच वाचून घेतलं.

कुत्रं म्हातारं असेल, लघवी धरवत नसेल किंवा जिने चढताना पाय दुखत असतील, तर मी हा मार्ग सुचवणार नाही. लोखंडी जिने आणि हलता डेक त्याला सोसणार नाही. बोगद्यातून जा आणि फ्रान्समध्ये मुक्काम करत हळूहळू उतरा.