आमची वाटचाल : दोन टेबलं, चाव्यांचा बोर्ड आणि एक पत्रक

परवा ऑफिसात एक मुलगी आली होती. महारेराची, म्हणजे राज्याच्या घरबांधणी क्षेत्राच्या नियामकाची, एजंटची परीक्षा नुकतीच पास झालेली, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून आणलेलं. "मॅडम, आता पुढे काय करू?" एवढंच तिने विचारलं आणि मी दीड तास बोलत राहिले. बिचारी दोनदा घड्याळाकडे बघून गप्प बसली. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते, आणि सांगायला लाज वाटली तेही.

2009 मध्ये भाऊंनी आणि मी मिळून जागांच्या दलालीचं ऑफिस उघडलं. भाऊ माझ्या नात्यातले नव्हेत, सगळा बाजारच त्यांना भाऊ म्हणायचा. त्यांच्याकडे डायरी होती, माझ्याकडे अ‍ॅग्रीमेंटचे ड्राफ्ट करायची सवय. त्या डायरीत एका पानावर एक इमारत, मजल्यागणिक मालकांची नावं आणि कडेला पेन्सिलीने बारीक खुणा : 'बँकेचा बोजा', 'मुलगा परदेशी', 'बायकोला विचारतो'. शेवटची खूण सगळ्यांत मोलाची, असं भाऊ म्हणायचे. घरात निर्णय कोण घेतं ते कळलं की निम्मं डील झालं.

माझी हत्यारं दोन. एक स्टीलचा टेप. तेव्हा सगळा बाजार सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्रफळावर, चालायचा आणि लोडिंग, म्हणजे ती वाढ, किती टक्के हे बिल्डरच्या मूडवर असायचं. मी भिंत ते भिंत मोजायचे. मोजताना टेपचं एक टोक ग्राहकाच्या हातात द्या, आकडा त्यालाच वाचू द्या. त्याने स्वतः वाचलेल्या आकड्यावर तो नंतर वाद घालत नाही. आता रेरा कायद्याने कार्पेटची, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेची, व्याख्या ठरवून दिली आहे : बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही, आतल्या भिंतींची जाडी मात्र धरायची. व्याख्या पाठ असलेली पुष्कळ मुलं येतात, टेप एकाच्याही खिशात नसतो.

दुसरं हत्यार चाव्यांचा बोर्ड. चाळीस हुक, प्रत्येक चावीला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर फक्त नंबर. पत्ता कधीच नाही. कुठला नंबर कुठल्या घराचा ते वेगळ्या वहीत आणि वही कुलपात. चावी बाहेर गेली की तारीख, वेळ, नेणाऱ्याची सही. हे ऐकून लोक हसतात. बिल्ल्यावर फ्लॅट नंबर लिहिलेली चावी रिक्षात विसरून आल्यावर हसून दाखवा.

2010 ते 2016 बरं चाललं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटाबंदी झाली, तेव्हा आमच्या तीन रिसेलचे, म्हणजे जुन्या घरांच्या विक्रीचे, टोकन (बयाणा) झालेले होते. आठवड्याभरात तिन्ही पार्ट्या मागे सरकल्या. पुढचे दोन महिने आमच्या हातून एकही दस्त झाला नाही. भाड्याच्या कामांवर आम्ही तग धरला, आणि ऑफिसच्या जागामालकाने भाडं थकू दिलं म्हणूनही.

त्यातून डोकं वर काढतोय तोवर 1 मे 2017 ला रेरा पूर्ण लागू झाला. एजंटला नोंदणी सक्तीची. फी व्यक्तीला 10,000 रुपये, फर्मला 1,00,000. आमची भागीदारी फर्म. गल्ल्यात लाख रुपये नव्हते आणि भाऊंची तयारीही नव्हती. "तीस वर्षं तोंडी शब्दावर धंदा केला, आता नंबर लावून फिरू?" मी म्हटलं, मग माझ्या एकटीच्या नावावर घेऊ. ते त्यांना लागलं. आज कळतं, की ते मी चारचौघांत बोलायला नको होतं. या ओढाताणीत तीन महिने गेले आणि आमचा नंबर यायला ऑगस्ट उजाडला.

त्या तीन महिन्यांत एक पत्रक वाटलं गेलं. आमच्याच टेबलावर चार वर्षं शिकलेल्या मुलाने शेजारच्या गल्लीत ऑफिस थाटलं होतं. नाव लिहीत नाही. जाण्याआधी त्याने भाऊंच्या डायरीच्या पानन् पानाचे मोबाइलवर फोटो काढले होते, हे आम्हाला मागाहून समजलं, एका मालकाने "तुमच्या मुलाचा फोन आला होता" म्हटल्यावर. पत्रकात लिहिलं होतं, 'नोंदणी नसलेल्या एजंटांपासून सावध, विशेषतः जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या.' आमच्या रस्त्यावर जिना चढून पहिल्या मजल्यावर कोण बसतं ते पोस्टमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

यात खरं किती? रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री आम्हाला नंबराशिवाय करता येत नव्हती, आणि आम्ही ती केलीही नाही. कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, कोण हात लावेल? पण जुन्या इमारतीतल्या भाड्याच्या जागेला तो नंबर लागतच नव्हता. हे पत्रक वाचणाऱ्याला कोण समजावणार? दोन आठवड्यांत बोर्डावरच्या अकरा चाव्या परत गेल्या. मोजल्या होत्या मी.

सात नंबरच्या हुकावर काकूंची चावी होती. काकू पत्रक घेऊन जिना चढून आल्या, खुर्चीत बसल्या, श्वास घेतला आणि विचारलं, "हे तुमच्याबद्दल आहे का?" मी हो म्हटलं आणि कायदा समजावू लागले. त्यांनी हात वर केला. "ते मला कळत नाही. मागच्या भाडेकरूला तुम्ही भिंतीची ओल आधीच दाखवलीत, तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. तो पोरगा तीन वर्षं राहिला, ओलीबद्दल एकदा बोलला नाही." पत्रकाची घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि चावी न मागता उतरल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या ओळखीने चार कामं आली. माझ्या एकटीच्या नोंदणीची फी त्यातून निघाली.

भाऊ त्याच दिवाळीला बाजूला झाले. भांडण झालं नाही, एवढं समाधान. डायरी टेबलावर ठेवून गेले.

आता त्या परीक्षा पास झालेल्या मुलीला जे सांगितलं ते. पहिलं वर्ष भाड्याची कामं कर. ब्रोकरेज कमी, पण इमारती, वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी पाठ होतात. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदव. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको असं मालक म्हणतो, ते चूक आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरच टाकली आहे, हे त्याला गोड शब्दांत सांग. रिसेलमध्ये दर बोलायच्या आधी इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा सरकारी उतारा, माग आणि त्यावरची नावं सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटशी ताडून बघ. बोलणी करतो नवरा आणि जागा निघते बायकोच्या आणि तिच्या बहिणीच्या नावावर, हे माझ्याबाबतीत टोकन झाल्यावर झालं आहे. टोकन स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस, एक दिवसही नाही. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिल्डरचा सेल्सवाला 'सगळे देतात' म्हणाला तर फाइल बंद कर.

आणि व्हिजिट फॉर्म. जागा दाखवण्याआधी तारीख, पत्ता, सही. पार्टी डायरेक्ट झाली, म्हणजे एजंटला टाळून थेट मालकाशी व्यवहार करून गेली, म्हणून रडत येणाऱ्या दहातल्या नऊजणांकडे हा कागद नसतो. सोबत दुसरा एजंट असेल तर ब्रोकरेजची वाटणी मेसेजवर लिहून घ्यायची, चहा पिताना ठरलेली नाही. (भाऊ हे वाचतील तर हसतील. हसू देत.)

2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा मीही पोरांच्या रांगेत बसून ती दिली. केंद्रावर तो पत्रकवाला मुलगाही भेटला. "ताई, अभ्यास झाला का?" म्हणाला. त्याला किती मार्क पडले ते मी विचारलं नाही. कळलं, पण ते जाऊ दे.

सात नंबरची चावी अजून हुकावर आहे. काकू आता मुलीकडे राहतात, जागा विकायची म्हणतात. उद्या दहाला पार्टी बघायला येणार आहे. त्या मुलीला साडेनऊला बोलावलंय, टेपचं दुसरं टोक धरायला. ओल आलेली भिंत कुठली ते तिला आधी दाखवून ठेवायचं आहे.